मी कुठे खोटे बोललो?



निवृत्तीनंतर माणसाला कोणता छंद जडेल, सांगता येत नाही. माझे काही मित्र बागेत रमले, काही चर्चच्या गायकवृंदात जाऊ लागले. मला जडला जुन्या शाईच्या पेनांचा छंद. आमची पिढी पाटीवरून वहीवर आली ती या पेनाचे बोट धरून. खिशावर निळा डाग नाही असा मुलगा वर्गात सापडत नसे. ऐन पेपरात शाई संपली, तर आपले पेन उघडून शेजाऱ्याच्या पेनातले चार थेंब उसने घ्यायचे आणि पुढे लिहायचे. हिशेब कोणी ठेवत नसे.

तशी पेने आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मिळतात ती इंटरनेटवर. घरात बसून फोटो पाहायचा, खालचे वर्णन वाचायचे, पैसे पाठवायचे आणि कुरियरवाल्याची वाट पाहायची. दोन वर्षांपूर्वी मी असेच एक 'पार्कर ५१' मागवले. पार्कर कंपनीने हे पेन १९४१ साली बाजारात आणले. त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, फक्त टोक बाहेर डोकावते. आमच्या मुख्याध्यापकांच्या खिशाला तसे पेन असायचे. त्यांनी त्याने माझ्या प्रगतिपुस्तकावर सही केली, की सहीपेक्षा पेनाकडेच माझे लक्ष असायचे. म्हणून ते मला हवे होते.

वर्णनात तीनच शब्द होते : 'उत्तम, चालू, दुर्मीळ'. सोबत चार फोटो. मी पैसे पाठवले. पेन आले. निबेवरच्या झाकणाला खालच्या बाजूने केसाएवढा तडा होता. त्यातून शाई झिरपून बोटे निळी होत होती. मागच्या नळीवर पूर्वी कोणाचे तरी नाव कोरलेले असावे. ते घासून काढले होते, आणि घासताना कंपनीचा ठसाही पुसला गेला होता. मी विक्रेत्याला कळवले. त्याचे उत्तर अर्ध्या तासात आले : “सर, मी कुठे खोटे बोललो? पेन चालू आहे, लिहून बघा. तडा नाही असे मी कुठे लिहिले होते? तुम्ही विचारले नाही, मी सांगितले नाही.”

मला राग आला. पण राग ओसरल्यावर लक्षात आले, की त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही. पेन खरोखरच लिहीत होते. फोटो त्याच पेनाचे होते. फक्त चारही फोटोंत तडा खालच्या बाजूला होता. प्रत्येक शब्द खरा आणि तरीही मी फसलो. मग खोटेपणा होता तरी कुठे? हा प्रश्न माझा पिच्छा सोडीना. आज तोच तुमच्यापुढे ठेवतो.

दुरुस्ती आणि फसवणूक

आधी या पेनांविषयी थोडे सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल. पुष्कळ जुन्या पेनांत शाई साठवायला रबराची छोटी पिशवी असते. वॉल्टर शेफर या अमेरिकन सराफाने बाजूच्या दांडीने ती पिशवी दाबून शाई भरण्याची युक्ती काढली आणि १९०८ साली तिचे पेटंट घेतले. रबर कालांतराने कडक होते आणि त्याचे तुकडे पडतात. म्हणून जुने पेन पुन्हा चालू करायचे तर पिशवी बदलावीच लागते. यात फसवणूक नाही, ही दुरुस्ती झाली. घड्याळाचा पट्टा बदलावा तशी.

काही पेने एबोनाइटची असतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उजेडाने आणि दमट हवेने त्याचा काळा रंग तपकिरी पडतो. कोणी ते पुन्हा काळे करून घेतले, तर तेही गैर नाही. मात्र काळे करून 'मूळ रंग' असे लिहिले, तर ते गैर आहे. निबेच्या टोकावर एका कठीण धातूचा बारीक मणी असतो. तो झिजला की निब कागद खरवडू लागते. फोटोत ते सहसा दिसत नाही. तीन मोडक्या पेनांचे सुटे भाग जुळवून एक पेन तयार करता येते, आणि ते सुरेख लिहितेही. पण तसे न सांगता 'अस्सल' म्हणून विकले, की गोष्ट बदलते.

आणि आपली भाषा तर या कामी फारच उपयोगी पडते! 'सोन्याची निब' आणि 'सोनेरी निब' या दोन शब्दप्रयोगांत फरक जेमतेम दोन अक्षरांचा. एक निब चौदा किंवा अठरा कॅरट सोन्याची, दुसरी पोलादाची, वरून मुलामा दिलेली. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटते. आणखी एक शब्द म्हणजे 'तपासलेले नाही'. पेनात पाणी भरून पाहायला दोन मिनिटे लागतात. म्हणून हा शब्द वाचला की मनात येतेच : खरोखर तपासले नाही, की तपासले आणि चालले नाही?

यातून एक गोष्ट मला कळली. वस्तू जुनी असणे, झिजलेली असणे, दुरुस्त केलेली असणे हा दोष नाही. ऐंशी वर्षांच्या पेनाला तडा जायचाच, ऐंशी वर्षांच्या माणसाला सुरकुत्या पडतात तसा. प्रश्न तड्याचा नाही, तड्याबद्दलच्या मौनाचा आहे.

मौन केव्हा बोलते?

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा फार जुना आहे. रोमचा विचारवंत सिसेरो याने इ.स.पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एक उदाहरण देतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? सिसेरो सांगतो, की यावर दोन तत्त्वज्ञांचे एकमत झाले नाही. एक म्हणाला, कायदा सांगतो तेवढे दोष सांगावेत, बाकी आपल्या मालाला चांगला भाव मिळवणे गैर नाही. दुसरा म्हणाला, सगळे सांगितले पाहिजे, कारण ज्यांना विकतोस ती तुझीच माणसे आहेत. सिसेरोने दुसऱ्याची बाजू घेतली. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे, हे त्याला मान्य होते. पण जे कळल्याने दुसऱ्याचे भले होईल, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, याला तो लपवणेच म्हणतो.

आपल्या देशातला १८७२ चा करार कायदाही याच प्रश्नाशी झगडतो. त्याच्या सतराव्या कलमाचे स्पष्टीकरण असे आहे, की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. पण पुढे दोन अपवाद दिले आहेत : बोलणे हे जिथे कर्तव्य ठरते तिथे, आणि मौन हेच जिथे बोलण्यासारखे असते तिथे. उदाहरण घोड्याचे आहे. लिलावात कोणी आजारी घोडा काही न बोलता विकला, तर कायद्याने ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य आहे. कारण ती विश्वासाने घेते.

तेराव्या शतकातले आपले संत थॉमस अक्वायनस यांनीही घोड्याचेच उदाहरण घेतले होते. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर विक्रेत्याने ते ओरडून सांगायची गरज नाही. घेणाऱ्यालाही डोळे आहेत, त्याला ते दिसते. किंमत मात्र त्या मानाने कमी असली पाहिजे. पण दोष लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगता विकणे हा अन्याय आहे. संत थॉमस काही भाबडे नव्हते. धान्याच्या जहाजाच्या बाबतीत ते सिसेरोइतके कडक नाहीत. उद्या भाव उतरेल हे सांगायला न्यायाने तो व्यापारी बांधलेला नाही, सांगितले तर तो अधिक सद्‌गुणी ठरेल, असे ते म्हणतात. म्हणजे बाजाराबद्दल गप्प राहणे वेगळे आणि वस्तूच्या अंगातल्या खोटीबद्दल गप्प राहणे वेगळे.

उसने डोळे

आता माझ्या पेनाकडे वळतो. मुंबईच्या चोर बाजारात मी अनेकदा गेलो आहे. तिथे दुकानदार काही सांगत नाही आणि आपणही त्याच्या सांगण्यावर विसंबत नाही. पेन हातात घ्यायचे, उजेडाकडे धरून फिरवायचे, भिंगातून निब पाहायची, टोपण लावून काढून पाहायचे. इतके करूनही तडा दिसला नाही, तर थोडी चूक आपलीही असते. तिथे घोडा समोर उभा असतो.

इंटरनेटवर घोडा समोर नसतो. विक्रेता दाखवील तेवढाच घोडा मला दिसतो. माझे हात तिथे पोचत नाहीत, माझे भिंग चालत नाही. उघडा दोष आणि लपलेला दोष हा भेदच तिथे संपतो, कारण जे विक्रेत्याने दाखवले नाही ते सगळेच लपलेले असते. मी पैसे पाठवतो तेव्हा जणू म्हणत असतो, 'मी येऊ शकत नाही. तुमच्या डोळ्यांनी मला पाहू द्या.' मी त्याचे डोळे उसने घेतो.

म्हणून मला वाटते, की अशा ठिकाणी वर्णन लिहिणे ही जाहिरात राहत नाही, ती साक्ष होते. न्यायालयात साक्षीदार सगळे सांगतो म्हणून शपथ घेतो आणि अर्धेच सांगतो, तेव्हा त्याच्या अर्ध्या सांगण्यातला प्रत्येक शब्द खरा असूनही साक्ष खोटी ठरते. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण आठवी आज्ञा पाठ केली. तेव्हा डोळ्यांसमोर न्यायालय आणि वकील यायचे. आज ती आज्ञा मोबाइलवर चार ओळी टाइप करणाऱ्या अंगठ्यालाही लागू होते, असे मला वाटते. त्या विक्रेत्याला द्यायचे उत्तर मला असे सापडले : 'बाबा रे, तू शब्दांनी खोटे बोलला नाहीस. पेन ज्या बाजूने धरलेस, त्या बाजूने खोटे बोललास.'

आरशात पाहिल्यावर

इथेच लेख संपला असता, तर मला बरे वाटले असते. पण त्यानंतर सहा महिन्यांनी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

इंटरनेटवर एका बाईंनी घरातली चार जुनी पेने एकत्र विकायला ठेवली होती. सासऱ्यांची होती म्हणे. घर आवरताना सापडली. चारांचे मिळून आठशे रुपये. फोटो अंधूक होता. त्यांतली तीन पेने साधीच होती. चौथे मात्र मी ओळखले. ते पार्करचे 'व्हॅक्युमॅटिक' होते, सेल्युलॉइडच्या आडव्या पट्ट्यांचे. त्या एकट्या पेनाची किंमत चारांच्या मागणीच्या कितीतरी पट होती. बाईंना ते ठाऊक नव्हते, हे उघड होते. मी लगेच पैसे पाठवले. एवढेच नव्हे, तर पाठवण्याआधी लिहिले, “पेने फार जुनी दिसतात, चालतील की नाही शंका आहे. सातशेला द्याल का?” त्यांनी दिली.

पेने आली. पट्ट्यांचे ते पेन मी खिडकीत उजेडाकडे धरले. पट्ट्यांमधून उजेड आरपार दिसला आणि मला फार आनंद झाला. रात्री झोप मात्र लागेना. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. दुकानात असेपर्यंत तो मालाला नावे ठेवतो आणि बाहेर पडल्यावर आपल्या सौद्याची बढाई मारतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस माझ्याच खोलीत येऊन बसला होता.

मी मनाशी वाद घातला. शिकायला मला वेळ आणि पैसे लागले, त्या ज्ञानाचा मोबदला मी का घेऊ नये? तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. आणि हे वाक्य मनात येताच मी उठून बसलो. ते माझे वाक्य नव्हते. ते त्या विक्रेत्याचे होते.

मग संत थॉमस यांचे तेच प्रकरण पुन्हा काढले. मागच्या वेळी मी विक्रेत्याबद्दलचा भाग वाचून समाधानाने पुस्तक मिटले होते. त्याच ठिकाणी घेणाऱ्याबद्दलही लिहिले आहे. कोणी आपले सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर त्याची खरेदी अन्यायाची आहे आणि त्याने भरपाई केली पाहिजे. संत ऑगस्टीन यांनी त्रैक्यावरच्या आपल्या ग्रंथात ओळखीच्या एका माणसाची हकिकत सांगितली आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने थोडेच पैसे मागितले. या माणसाने त्याला, त्याने न मागितलेली, पूर्ण योग्य किंमत दिली. घेणारा डोळस आणि विकणारा अजाण असतानाही सौदा सरळ होऊ शकतो, हे पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी एका ग्राहकाने दाखवून दिले होते.

कोणी म्हणेल, शेतात पुरलेला ठेवा सापडल्यावर तो पुन्हा लपवून शेत विकत घेणारा माणूस शुभवर्तमानातही आहेच की! मलाही तो आठवला, आणि सोयीचा वाटला. पण त्या दाखल्यात प्रभू खरेदीची रीत शिकवत नाही. स्वर्गाच्या राज्यासाठी सर्वस्व विकण्याच्या आनंदाबद्दल तो बोलतो आहे. मी तर सर्वस्व सोडाच, शंभर रुपयेसुद्धा वाचवले होते.

ज्ञानाचा मोबदला घेऊ नये असे मी म्हणत नाही. व्यापारी व्यापाऱ्याकडून घेतो तेव्हा दोघांनाही डोळे असतात. कोणाचे चुकेल, कोणाचे साधेल. पण दिवंगत सासऱ्याचा खण आवरणारी बाई व्यापारी नव्हती. शिवाय मी नुसता गप्प राहिलो नव्हतो. 'चालतील की नाही शंका आहे' असे लिहिले होते, आणि मला तशी शंका मुळीच नव्हती. तडा खाली धरून फोटो काढणारा आणि मी यांत अंतर फार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना कळवले, की त्यांतले एक पेन मौल्यवान आहे, उरलेले पैसे पाठवायचे आहेत, नाहीतर पेन परत करतो. काय झाले असेल? त्या आनंदल्या नाहीत, घाबरल्या. हल्ली पैसे देतो म्हणून फोन करायचा आणि खाते रिकामे करायचे, असे प्रकार इतके झाले आहेत, की न मागता पैसे देणारा माणूस चोरच वाटतो. त्यांनी मला उत्तर देणेच बंद केले. चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याने माझी उलटतपासणी घेतली. मी त्याला म्हटले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्या पेनाची किंमत स्वतः शोधून पाहा. त्याने शोधली. आठवड्याने खात्याचा क्रमांक आला. मी पैसे पाठवले. उत्तरात दोनच शब्द होते : 'पैसे मिळाले.'

आभार नाहीत, कौतुक नाही. मला ते योग्यच वाटले. जे त्यांचे होते ते त्यांना मिळाले, त्यात आभार कसले? पण त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट मला कळली. लहान लहान अप्रामाणिकपणाने आपण एका माणसाचे पैसे बुडवतो एवढेच नाही. खरे बोलणाऱ्याचा शब्दही आपण स्वस्त करून ठेवतो. मग एखादा खरे सांगायला आला, तर त्यालाच पुरावे द्यावे लागतात.

घासूनपुसून ठेवलेल्या गोष्टी

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आम्हाला जुन्या पेनांशी काय देणेघेणे? खरे आहे. पण आपण सगळेच कधी ना कधी काहीतरी विकत असतो. जुनी स्कूटर विकताना अपघाताचे सांगायचे की नाही? घर भाड्याने देताना पावसाळ्यात कुठली भिंत ओलावते, ते बोलायचे की नाही? मुलामुलीचे स्थळ सांगताना काय सांगायचे आणि काय 'त्यांनी विचारले तर बघू' म्हणून मागे ठेवायचे? अशा वेळी मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो : समोरच्याला हे आपल्या डोळ्यांनी पाहता येईल का? येत असेल, तर त्याने पाहावे. येत नसेल, तर तो माझ्या डोळ्यांनी पाहतो आहे, आणि डोळे मिटून घेण्याचा मला अधिकार नाही.

तडा गेलेले ते 'पार्कर ५१' बरेच दिवस माझ्याकडे पडून होते. शेवटी गेल्या महिन्यात मी ते विकायला काढले. पहिला फोटो तड्याचा घेतला, अगदी जवळून. वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिले, की पुढच्या झाकणाला तडा आहे, शाई झिरपते, आणि नळीवरचा ठसा घासला गेला आहे. टोपण आणि निब चांगली आहे, हे त्याखाली लिहिले. किंमत मी दिली होती तिच्या निम्म्याहून कमी ठेवली. घरच्यांना वाटले, हे कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी ते गेले. घेणाऱ्याने कळवले, की त्याच्याकडे याच पेनाचा धड भाग आहे, पण टोपण हरवले आहे. नेमके टोपणच त्याला हवे होते.